नूरुद्दीन यांची उपलब्धता

मंगळवारी सकाळी अब्बांनी माझा कागद परत केला, तेव्हा त्यावर चहाच्या कपाचा एक गोल उमटला होता आणि लाल रिफिलनं ओढलेली एक रेघ होती.

"हे अर्धवट हाय," ते म्हणाले.

"पूर्ण आहे."

"मग मला का कळंना?"

"ते तुमच्यासाठी नाहीये, अब्बा. यंत्रासाठी आहे."

"यंत्राला कळंल आन मला न्हाई, असलं काय लिवतीस तू?"

मी काय लिहिते, या प्रश्नाची आजवर मी चार प्रकारची उत्तरं देऊन पाहिली आहेत. चारही ऐकून माणसं "असं होय" म्हणतात आणि भाताचा विषय काढतात. पाचवा प्रयत्न इथं करते. मी भोरला घरी बसून पुण्यातल्या एका कंपनीचं काम करते. ही कंपनी गावोगावच्या पाण्याच्या टाक्यांत सेन्सर बसवते. टाकीत पाणी किती, पंप चालू की बंद, हे सगळं एका पडद्यावर दिसतं; त्याला डॅशबोर्ड म्हणतात. पूर्वी त्या पडद्याकडे एक माणूस जांभया देत बघत बसायचा. आता एआय एजंट बघतो. तोच आलेख मांडतो, इशारे लावतो, माणसांना फोन करतो. त्यासाठी त्याला पंचवीसेक टूल, म्हणजे हत्यारं, दिलेली आहेत. कुठलं टूल कशाचं, ते कधी वापरायचं आणि मुख्य म्हणजे कधी वापरायचं नाही, हे त्याला कळेल असं लिहून ठेवणं हे माझं काम. सासरी निघालेल्या मुलीला देतात तशा सूचना मी यंत्राला देते. फरक इतकाच, की यंत्र त्या पाळतं.

अब्बा निवृत्त वॉल्व्हमन. एकतीस वर्षं पाण्याच्या योजनांवर कॉक सोडण्यात आणि बंद करण्यात गेलेली. माझे कागद मी छापून द्यावेत असा त्यांचा आग्रह असे, कारण पडद्यावर वाचलेलं त्यांना खरं वाटत नसे.

त्या दिवशीचा कागद इशारा-यादीतून, म्हणजे एजंट ज्यांना फोन करतो त्यांच्या यादीतून, नाव काढण्याच्या टूलचा होता. मी लिहिलं होतं, "या टूलने यादीतील व्यक्तीचे नाव काढता येते."

"बास?" अब्बा म्हणाले. "म्हंजी कुणीबी उठावं, ह्याचं नाव काढ म्हणावं, की हे काढणार?"

"सांगणारा कंपनीतलाच असेल ना."

मग किकवीची गोष्ट आली. ती मला पाठ होती. बहिणीच्या लग्नासाठी अब्बा आठ दिवस किकवीला गेले, परत आले तर ड्युटीच्या यादीत त्यांचं नाव नाही. "तीन दिवस पंपघराच्या फाटकात हुबा व्हतो. चावी दे म्हटलं तर म्हणं यादीत नाव न्हाई. का न्हाई? तर ते यादीला माहीत. लिव तू, ज्याचं नाव हाय त्याला इचारल्याबिगर काढायचं न्हाई."

मी लिहिलं, "संबंधित व्यक्तीने स्वतःच्या आवाजात संमती दिल्याशिवाय हे टूल वापरू नये. अपवाद नाही." यातलं "अपवाद नाही" माझं. वाक्य संपल्यासारखं वाटत नव्हतं म्हणून घातलं.

अब्बांनी वाचलं. "हां. आता मानसानं लिवल्यावानी वाटतंय," म्हणाले आणि चहात बुडालेली खारी चमच्यानं काढून खाल्ली. दुपारी त्यांनी वाल सोलले. संध्याकाळी पाय मोकळे करायला नदीपर्यंत गेले आणि कुणीतरी भेटलं म्हणून उशिरा आले. कोण भेटलं होतं ते त्यांनी सांगितलं, पण माझ्या लक्षात राहिलं नाही. साध्या दिवसाचं कुणी टिपण ठेवत नाही.

बुधवारी दुपारी जे झालं ते झालं. आलेल्यांना मी सांगत होते, जेवून पडले होते, झोपेतच. माणसं म्हणत होती, नशीबवान, कुणाला त्रास दिला नाही. मी पाणी आणायला आत जात होते.

शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी कपाटावर ठेवलेला अब्बांचा बटणांचा फोन वाजला.

"नमस्कार, नूरुद्दीन साहेब," आतून आवाज आला. "करंजटेपची टाकी एकतीस टक्के आहे. पंप चालू करायचा असल्यास एक दाबा."

करंजटेप हे वेल्ह्याकडच्या डोंगरातलं एकशे बारा उंबऱ्यांचं गाव. तिथले कॉक धनाजी बघतो. पण धनाजीचं घर खालच्या अंगाला, तिथं मोबाईलला रेंज नाही. रेंज येते ती वर टाकीपाशी. पहाटेचा फोन उचलणारं भरवशाचं माणूस कंपनीला हवं होतं, तेव्हा मी अब्बांचं नाव दिलं. फजरची नमाज झाली की ते जागेच असत. सहा-दहाला एजंटाचा फोन यायचा, अब्बा एक दाबायचे, चाळीस किलोमीटरवर पंप चालू व्हायचा. सातला धनाजी टाकीवर चढून अब्बांना फोन करायचा. काही बिघाड असला की तो फोन पाइपाला लावायचा आणि अब्बा भोरला बसून ऐकायचे. "हवा धरलीया. खालचा कॉक अर्धा सोड," असं म्हणायचे आणि ते बहुतेक खरं निघायचं.

कुणीच एक दाबलं नाही तर पंप चालू होत नाही. माणसाच्या होकाराशिवाय पंप चालवायचा नाही, हाही नियम मीच लिहिलेला. म्हणजे गुरुवारी करंजटेप कोरडं राहिलं होतं.

मी एक दाबलं. त्यासाठी आवाज वगैरे काहीच लागलं नाही.

सातला धनाजीचा फोन आला तो मी उचलला नाही. पाणी आलेलं असल्यामुळे त्यानंही पुन्हा केला नाही. अब्बा पाणी सोडत आहेत याचा अर्थ अब्बा ठीक आहेत, असा त्याचा समज असणार आणि त्यात त्याची काही चूक नव्हती.

दोन दिवस एक दाबल्यावर मी ठरवलं की हे बरं नाही. मी एजंटाला लेखी सांगितलं, नूरुद्दीन यांचं नाव यादीतून काढ. त्याचं उत्तर लगेच आलं. "सूचनेनुसार संबंधित व्यक्तीची संमती आवश्यक आहे. अपवाद नाही. ही सूचना सबिहा यांनी लिहिली आहे. शंका असल्यास कृपया सबिहा यांच्याशी संपर्क साधावा. दरम्यान मी नूरुद्दीन यांना विचारतो."

सबिहा म्हणजे मी. आणि कपाटावरचा फोन वाजू लागला.

"नूरुद्दीन साहेब, आपलं नाव काढायचं असल्यास आपल्या आवाजात तसं सांगा."

माझं वय बेचाळीस आहे. भोरच्या वाचनालयातली तीन कपाटं वाचून झालेली आहेत. अशा बाईनं काय करू नये याची मला कल्पना आहे. तरी मी दार लावलं, घसा खाकरला आणि शक्य तितक्या जाड आवाजात म्हटलं, "माझं नाव काढून टाक."

"आवाज जुळत नाही," एजंट म्हणाला आणि फोन ठेवला. पाच मिनिटांनी सुरक्षा-संपर्क म्हणून मला मेल आला. नूरुद्दीन यांच्या नावाने एक अनोळखी पुरुष बोलत असल्याचा संशय आहे, कृपया कुटुंबीयांनी सावध राहावे. अनोळखी हे मी समजू शकते. पुरुष या शब्दाचं मला आजही वाईट वाटतं.

शेजारच्या साळूबाई त्या दिवसांत रोज भाकरी घेऊन येत. त्यांचं माहेर उत्रोलीचं. एखाद्या गोष्टीवर मत नसणं हा त्यांना आजार वाटतो.

"सबे, सकाळी सकाळी फोन करतो त्यो कोण गं?"

"एजंट."

"इम्याचा?"

"नाही. यंत्र आहे ते. अब्बांना विचारतं, पाणी सोडू का म्हणून."

साळूबाईंनी भाकरीवरचं फडकं सारखं केलं. "मग सांग की त्याला. इम्यावाल्यालाबी सांगावंच लागतं."

"सांगितलं. नाव काढ म्हणून सांगितलं."

"ते न्हाई म्हणत मी. काय झालं ते सांगितलंस का?"

दूध उतू जातंय असं म्हणून मी आत गेले. गॅसवर दूध नव्हतं, आणि हे साळूबाईंनाही दिसत होतं, कारण आमचं स्वयंपाकघर बाहेरून दिसतं.

खालिदमामांचं मत वेगळं होतं. जगातल्या सगळ्या अडचणी सिमकार्डात असतात असं ते मानतात. "सिम बंद करून टाक," ते म्हणाले. पाणी दुसऱ्या कुणाकडे सोपवल्याशिवाय ते करता येणार नव्हतं. पण पुढेमागे लागेल म्हणून मी मोबाईलच्या दुकानात चौकशी केली.

"ज्यांच्या नावावर कार्ड आहे त्यांना घेऊन या," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "अंगठा लागतो."

"त्यांना येणं शक्य नाही."

"मग व्हिडिओ कॉल लावून द्या."

मी म्हटलं, विचारून बघते. हे मी खरोखर म्हटलं.

तिसरं मत रखमाजीतात्यांचं. कचेरीत कारकुनी करून निवृत्त झालेले तात्या आमच्या आळीत एकटेच असे आहेत, की ज्यांना माझं काम पहिल्या फटक्यात समजलं. "म्हणजे परिपत्रकं काढता तुम्ही," ते म्हणाले. "मग त्याला तोंडी सांगून कसं चालेल? अर्ज लागणार." त्यांनी फुलस्केपवर अर्ज लिहून दिला. मेहेरबान एजंटसाहेब यांचे सेवेसी. सबब मयत इसमाचे नाव कमी करणेत यावे. खाली गाव करंजटेप, तालुका राजगड, कारण वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे आणि तात्या कागदावर जुनं काही चालू देत नाहीत.

मी तो टाइप केला. टाइप करताना "मयत इसम"चं "उक्त इसम" केलं. वाक्य बरं वाटत होतं.

एजंटानं अर्ज काळजीपूर्वक वाचला. अर्जदार स्वतः नूरुद्दीन नसल्यामुळे नाव कमी करता येत नाही, असं त्यानं नम्रपणे कळवलं. "मात्र राजगड तालुक्यात करंजटेप नावाची टाकी माझ्या नोंदीत नव्हती. ही त्रुटी दूर करून टाकी जोडली आहे. निदर्शनास आणून दिल्याबद्दल आभारी आहे."

अशा रीतीने करंजटेपला दोन टाक्या झाल्या. एक वेल्ह्यातली, पाणी असलेली. दुसरी राजगडातली, नसलेली. नसलेल्या टाकीत अर्थातच शून्य टक्के पाणी होतं, आणि शून्य टक्के ही आणीबाणी असते. त्यामुळे फोन आता दिवसातून सहा वेळा वाजू लागला. मी दर वेळी एक दाबत होते. नसलेल्या टाकीसाठी नसलेल्या माणसानं पंप चालू करायचा, यात एक प्रकारची शिस्त होती.

याचा परिणाम मला चार दिवसांनी कळला. एजंटाला स्वतःहून नवे डॅशबोर्ड मांडायची मुभा आहे. (त्या टूलची सूचनाही मीच लिहिली आहे. "उपयुक्त वाटल्यास वापरावे," असं मोघम.) त्यानं एक नवा डॅशबोर्ड मांडला होता. शीर्षक, "नूरुद्दीन यांची उपलब्धता". निळी रेघ डिसेंबरभर वरखाली होत होती. अब्बा कधी नमाजेत असत, कधी फोन उशाखाली राही. सात जानेवारीला, दुपारच्या चाचणी-फोनापासून, रेघ खाली पडली होती. आठलाही तळाशीच. नऊपासून ती सरळ वर जाऊन शंभरावर टेकली होती आणि तिथंच राहिली होती. खाली शेरा होता. "लक्षणीय सुधारणा. यांच्याकडे आणखी दोन टाक्या सोपवण्यात येत आहेत."

मी तो आलेख बराच वेळ बघत बसले. सात तारखेचा खड्डा मोठा केला की त्यातले तासही दिसतात. मी तो मोठा करून पाहिला आणि मग लॅपटॉप मिटला.

दुसऱ्या दिवशी प्रेरणाचा फोन आला. प्रेरणा पुण्याच्या ऑफिसातली माझी वरिष्ठ. वयानं धाकटी, पण समजूतदार. तिला मी रजेच्या अर्जात "घरगुती अडचण" एवढंच कळवलं होतं.

"सबिहा, तुझे बाबा काय जोरात आहेत. चार टाक्या, एकही फोन चुकलेला नाही. मी त्यांचा आलेख काल सगळ्यांना दाखवला. करंजटेपच्या सरपंचांनाही पाठवलाय."

"प्रेरणा, त्यांना आता हे काम जमणार नाही."

"का? बरं नाहीये का?"

"तसं नाही. म्हणजे, ते उपलब्ध नाहीत."

"मग अपवाद लिही की. डॉक्युमेंट तुझंच आहे."

मी अपवाद लिहिला. "संबंधित व्यक्ती उपलब्ध नसल्यास योग्य ती कार्यवाही करावी." ज्या बाईनं नव्या मुलामुलींना दोन वर्षं शिकवलं, की यंत्रासाठी लिहिताना गोल बोलू नका, काय झाल्यावर काय करायचं ते उघड लिहा, तिनं हे वाक्य लिहिलं. एजंटानं त्यातून निघणारा एकमेव शहाणा अर्थ काढला. त्यानं अब्बांना रजेवर पाठवलं, तात्पुरते इशारे माझ्या फोनवर वळवले आणि विचारलं, "परत येण्याची तारीख?"

ती जागा मी रिकामी सोडली. रिकामी सोडल्यास पुढचा सोमवार धरावा, असा एक नियम आहे. तो कुणी लिहिला हे सांगायला नको.

सोमवारी सहा वाजून दहा मिनिटांनी कपाटावरचा फोन वाजला. "नूरुद्दीन साहेब, पुन्हा स्वागत आहे," एजंट म्हणाला. "आपण परत आलात, बरं वाटलं."

त्या दिवशी मी एक दाबायला जरा वेळ लावला.

सातला धनाजीचा फोन आला. या खेपेला मी उचलला.

"नूरभाय हायत का?"

"मी सबिहा बोलतेय, त्यांची मुलगी."

"ताई, त्यास्नी सांगा, सव्वीस जानेवारीला ग्रामसभेत सत्कार हाय त्येंचा. शाल, नारळ समदं. सरपंचांनी आलेख का काय त्यो दाखवला मोबाईलवर. मी म्हणलं, आलेख कशाला पायजे, आमाला म्हाईत न्हाई व्हय? आन एक काम हुतं. पाइपात गुरगुर येतीया दोन दिस. त्यास्नी ऐकवायची हुती."

"ते घरी नाहीत."

"बरं बरं. न्हाईतर सव्वीसला हितंच ऐकतील की. जेवायलाच या म्हणावं. आमी कोंबडं हलालच करून घेतो, त्यास्नी म्हाईत हाय."

फोन ठेवल्यावर मी ओट्याशी उभी राहिले. आता एक गाव हार घेऊन उभं राहणार होतं आणि ज्याच्या गळ्यात तो घालायचा त्याच्याबद्दल मी त्यांना अकरा दिवस खोटं सांगत होते, रोज एक बटण दाबून. आणि माझ्याजागी फोन उचलणारं कुणी नेमल्याशिवाय मला ते बटण सोडताही येत नव्हतं.

मी लॅपटॉप उघडला आणि "उपलब्ध नसल्यास" खोडून लिहिलं, "व्यक्तीचा मृत्यू झाला असल्यास." लिहिताना ते परक्या कुणाबद्दल असल्यासारखं वाटत होतं. कागदावर मला जमतं.

तासाभरात प्रेरणाचा फोन आला. "सबिहा," ती म्हणाली. "कधी?"

"वाक्यरचना बरोबर आहे का बघ."

"बरोबर आहे." ती म्हणाली. "पण संमतीशिवाय नाव काढायचं म्हणजे घटना-नोंद लागेल. ते तीन प्रश्न. काय झालं, कधी झालं, तेव्हा तिथं कोण होतं. घरच्या माणसानं फोनवर, स्वतःच्या आवाजात. आणि नवीन माणूस त्याच कॉलवर, टाकीपाशी हजर. मी ते प्रश्न या वेळेपुरते काढून टाकू का?"

"नको," मी म्हटलं. "नियम आहे."

सव्वीस तारखेला साळूबाई माझ्याबरोबर आल्या. "सत्काराला घरचं मानूस पायजे," एवढंच त्यांनी कारण दिलं. एसटीत खिडकीच्या जागेवरून त्यांचं आणि कंडक्टरचं असं जुंपलं, की वेल्ह्याकडे वळायचा चेलाडीचा फाटा आला आणि गेला हे तिघांच्याही लक्षात आलं नाही. आम्हाला वरव्याला उतरवण्यात आलं. तिथून एका टेम्पोत कांद्याच्या रिकाम्या पोत्यांवर बसून परत फाट्यावर, तिथून वेल्ह्याच्या जीपमध्ये मागे अकरावी आणि बारावी प्रवासी म्हणून. साळूबाई वाटभर जीपवाल्याला सांगत होत्या, की आम्ही सत्काराची माणसं आहोत. त्यावर त्यानं आम्हाला आणखी थोडं आत सरकायला सांगितलं.

करंजटेपला शाळेपुढं झेंडा लागलेला होता, मांडव होता, खुर्च्या होत्या. मधोमध मोठा फ्लेक्स होता. अब्बांचा फोटो गावात कुणाकडेच नव्हता, त्यामुळे जिथं फोटो असतो तिथं आलेख छापला होता. निळी रेघ, शंभरावर टेकलेली, भोवती झेंडूची माळ. खाली, "आमचे लाडके नूरुद्दीनभाई यांचे हार्दिक स्वागत."

धनाजी धावत आला. मी त्याला पहिल्यांदाच बघत होते. पन्नाशीचा, पांढरी टोपी, हातात नारळ.

"आलासा? नूरभाय मागं ऱ्हायले व्हय? चढ लई हाय, मी जातो आणाया."

"धनाजीभाऊ, आधी टाकीपाशी जाऊ. मला एक फोन करायचाय, तुमच्यासमोर. आणि सकाळचा फोन उचलेल असं इथलं एक माणूस लागेल. रेंज असलेलं."

"अश्विनी हाय की, अंगणवाडीतली. तिचं घर वरच हाय. पण नूरभाय असताना..."

"अश्विनीबाईंनाही बोलवा."

धनाजीनं नारळ या हातातून त्या हातात घेतला. साळूबाईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली, नुसतीच. तो पुढं होऊन वाट दाखवू लागला. आम्ही वर चढू लागलो तसं मांडवातलं एकेक माणूस उठून मागे येऊ लागलं. सरपंच हार घेऊनच आले. कुठं ठेवावा हे त्यांना सुचलं नसावं.

टाकीपाशी वारा होता. पाइपातली गुरगुर ऐकू येत होती. अंगणवाडीतल्या अश्विनीबाई पदर खोचून माझ्याशेजारी उभ्या राहिल्या. मी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला.

"नमस्कार. नवीन निरीक्षक हजर आहेत का?"

"हाय मी. अश्विनी," त्या म्हणाल्या. "सकाळी सहाला उठतीच मी."

"धन्यवाद. नूरुद्दीन यांचं नाव यादीतून काढण्याची विनंती आहे. काय झालं?"

एजंट वाट बघत होता. उत्तराला वेळ लागला तर पुन्हा विचारू नये, थांबावं, असं त्याला मीच सांगून ठेवलेलं आहे.

"माझे वडील वारले," मी म्हटलं.

धनाजीनं टोपी काढली. मागे कुणीतरी बाई, "आगं बया," असं हळूच म्हणाली.

"कधी झालं?"

"सात जानेवारीला. बुधवारी. दुपारी सव्वातीनच्या सुमाराला."

"तेव्हा तिथं कोण होतं?"

साळूबाईंनी माझा हात धरला. त्यांना वाटलं असावं की मला आठवत नाही.

"मी होते," मी म्हटलं. "शेजारच्या खोलीत. मीटिंग चालू होती, कानाला हेडफोन होते. ते झोपेत गेले असं मी सगळ्यांना सांगितलं, ते खरं नाही. ते जागे होते. त्यांनी सबू म्हणून हाक मारली आणि मला ती ऐकू आली. मी म्हटलं, पाच मिनिटं, अब्बा. आणि पंचवीस मिनिटांनी उठले."